सुरतेत उकिरडा कुठून आणायचा

नाही नाही, कचऱ्याची बादली नाही आणली मी आज — थांब तं जरा गोपाल, गाडी पुढे नको घेऊ — नी ते गाणं बंद कर आधी, पोऱ्या दचकतो. हां. आता असं काय बघतो? पोऱ्याच आहे हा. मन्हा नातू. रंजनाचा. ती माहेरी बाळंतपणाला आली ना, त्याचाच हा सगळा गोंधळ. आज संध्याकाळी बारसं आहे, तुला पण यायचंय, पेढे तिथेच खा. आत्ता फक्त माझं एक काम कर. ह्याला दोन मिनिटं तुझ्या गाडीत ठेवायचंय. — अरे पळतो कुठं! वेडा नाही झालो मी. खाली उतर नी ऐक.

तुमच्या जालन्याकडे करतात का नाही देव जाणे, आमच्या खानदेशात ज्या बाईची लेकरं जगत नाहीत ना, तिचं नवं लेकरू उकिरड्यावर नेऊन ठेवतात. ठेवायचं, नी मोठ्यानं म्हणायचं — नको आम्हाला हे, पाहिजे त्यानं न्या. मग शेजारची कोणी येते, उचलते, नी सूपभर ज्वारी घेऊन आईलाच परत विकते. म्हणजे कसं? सटवाईनं पाचव्या दिवशी कपाळावर जे काय लिहून ठेवलं, ते त्या आईच्या लेकरासाठी लिहिलं. हे तं उकिरड्यावरचं, विकत घेतलेलं! सटवाई आपली शोधत बसते, पत्ताच लागत नाही. हसू नको. माझं नाव उखा कशावरून पडलं? उकिरड्यावरूनच की. माझ्या आधीची तिघं गेली, मी आहे तुझ्यासमोर उभा. लूमवरचा धोटा सुटून कानाजवळून गेला, बाजूच्या भिंतीत खड्डा पडला, मला काय? काही नाही. तापीचा पूर आला, पत्र्यावर बसून राहिलो, फक्त चप्पल गेली. ती पण जुनी.

आता तू म्हणशील, नाना, लिहिलेलंच आहे तं टाकून काय फायदा? बरोबर! हेच मी आईला विचारायचो. ती म्हणायची, लिहिलेलं कधी चुकत नाही रे. अगं मग मला टाकलंस कशाला? तं म्हणे, टाकायचं लिहिलेलं होतं म्हणून टाकलं. घे! आता काय बोलशील? आमचे जावई एकदम नव्या विचाराचे. सगळं आपल्या हातात असतं, नाना, म्हणतात — नी रोज सकाळी मोबाइलवर रास बघितल्याशिवाय बाइकला किक मारत नाहीत. डॉक्टरीणबाई तं त्याच्या वर. एवढ्या गोळ्या, एवढी इंजेक्शनं, एवढे फोटो काढले पोटाचे, नी शेवटी काय म्हणाली? बाकी वरच्याच्या हातात. मी म्हटलं बाई, मग फी पण वरच पाठवू का? रंजनानं असे डोळे वटारले माझ्यावर.

तिला माहीत नाही. हळू बोल तू. म्हणजे तू बोलतच नाहीस, मीच बोलतोय, पण तरी. ती न्हाणीत आहे. सरलाला सांगून ठेवलंय, पाणी हळूहळू टाक, पाठ शेकत बस, लेकीला बोलण्यात गुंतव — बोलण्यात माझी बायको कोणालाही गुंतवते, त्याची काळजी नाही. रंजनाला कळलं तं घर डोक्यावर घेईल. अकाउंटचं काम करते ती, हिशोबाची बाई. बाळाचं नाव पण कुठूनतरी मोबाइलमधून काढलंय, माझ्या जिभेवर बसतच नाही. मी म्हटलं, धुडकू ठेव. फडकं, चिंधी, कोणाची नजर जाणार नाही. तं दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

पण गोपाल, तिची दोन गेली रे. एक पोटातच. नी दुसरं — दुसरं हातात आलं, डोळे उघडले, नी गेलं. मी भीत नाही कशाला, तुला माहीत आहे. पण ह्याला शिंक आली तरी मी रात्रभर पाळण्यापाशी बसतो.

मग काय करू? उकिरडा आणू कुठून? सगळी डिंडोली पालथी घातली. उधन्यापर्यंत जाऊन आलो. एक उकिरडा नाही! एवढं मोठं सुरत, नी घाणीचा एक नीट ढीग ठेवला नाही तुम्ही लोकांनी. तबेल्यात गेलो, तं तिथला भरवाड शेण गोणीत भरून विकतो. मी नुसता वाकून बघत होतो, तं धावत आला, काका, आ शुं करो छो? काय करतोय म्हणून काय सांगू त्याला? मग सरलाच म्हणाली, अहो, उकिरडा तं रोज सकाळी आपल्या दारात येतो, गाणं वाजवत.

तं ह्याला कुठं ठेवायचं ते तू सांग. ओल्या कचऱ्यात नको, सर्दी होईल. सुक्यात ठेवू. नियमानं बघितलं तं हा ओलाच आहे, हे बघ, माझी बाही बघ — पण चालवून घे आज. तो पुठ्ठा आहे ना, त्यावर हे धुतलेलं धोतर टाक. मी म्हणेन नको, तू उचलायचं. ज्वारी आणलीय खिशात. झालं.

फक्त म्हणायचं मनापासून लागतं हां. माझ्या बापानं, रामदासनं, असं म्हटलं होतं की गावात नाव निघायचं. हाऊ माले नको, ली जा! सगळी आळी बाहेर आली म्हणे. नी पुढे पण सोडलं नाही त्यानं. कधी मांडीवर घेतलं नाही मला. बघत असेल ना ती सटवाई. मी पहिला नंबर आणला, तं म्हणे, काय उपयोग. लग्नात पाहुण्यांना म्हणाला, न्या, फुकट आहे. सगळे हसले, मी पण हसलो. सुरतेला निघालो तेव्हा एस्टीपाशी आला, नी दुसरीकडे तोंड करून उभा. शेवटी गेलो भेटायला तं हात असा घट्ट धरला माझा, सोडेना — नी तोंडानं काय? कशाला आलास. मरता मरता पण भीती, तिला कळलं तं. मी म्हातारा झालो रे, अजून वाटतं, एकदा म्हणाला असता — माझा आहे हा.

असो. तुझी गाडी खोळंबली. हात पुसलेस? घे. मानेखाली हात धर. हां. आता मी म्हणतो. मोठ्यानं. तयार राहा. हाऊ माले — थांब, परत. आम्हाला हे पोरगं न…

बोट सोड रे बाळा. सोड ना. बघ कसा बघतो लबाड.

नाही जमत. आण इकडे. आण म्हणतो ना! काय लिहिलंय ते असेल लिहिलेलं, जी कोणी ऐकत असेल तिनं ऐकावं — माझा आहे हा. माझ्या रंजनाचा आहे. आलो गं, आलो, खालीच आहे, ऊन दाखवतोय त्याला!

तू काय उभा आहेस अजून? चल, गाडी काढ. कचरा नाही आज आमच्याकडे.