पिनीचा रंग

धाकटा: – ते सगळं राहू दे वहिनी, पिन शेकली होतीस की नाही, एवढंच सांग!

वहिनी: आधी श्वास घ्या भाऊजी. कुठली पिन?

धाकटा: दादाच्या गाडीच्या पिस्टनची! मी लालबुंद तापवून तेलात बुडवली, घासून तुझ्या टेबलावर ठेवली. आता फिटर सांगतोय, बसवताना चांदीसारखी चमकत होती.

वहिनी: मग छानच की.

धाकटा: छान काय! मंद आचेवर शेकली की पिवळी पडते ती. चमकत होती म्हणजे शेकलीच नाही. न शेकलेली पिन म्हणजे काच. घाटात तडकली तर... गाडीत माणसं आहेत गं!

वहिनी: शेकली होती.

धाकटा: मग रंग कुठे गेला?

वहिनी: घासला.

धाकटा: घासला?

वहिनी: पॉलिश पेपरने. मागच्या खेपेला तुमचे दादाच म्हणाले, घरचा माल तेवढा जळका. म्हटलं, यंदा कोरी करकरीत पाठवते.

धाकटा: अगं, तो रंग हीच तर आपली खूण! कुठल्या रंगावर काढलीस? खरं सांग.

वहिनी: वाळल्या गवताच्या. कडेला तपकिरी झाक यायला लागली तशी उचलली. जांभळी पडून मऊ होऊ दिली नाही. भट्टीपुढे मोबाइल बघत बसायला मी काय तुम्ही आहे?

(धाकटा ओंजळीत तोंड लपवतो. खांदे हलतायत.)

वहिनी: भाऊजी? रडताय?

धाकटा: हसतोय. स्टूल दे. नको, खालीच बसतो.

वहिनी: पाणी आणू?

धाकटा: आधी दादाला फोन लाव. त्याला घाटात थांबवून ठेवलंय मी. इंजिन चालू केलंस तर माझी शपथ, म्हणालो.

वहिनी: आणि हे आत्ता सांगताय!

(फोन स्पीकरवर.)

दादा: बोला. लोक खाली उतरून दगडांवर बसलेत. एक आजोबा मला इंजिन शिकवतायत.

धाकटा: दादा, पिन पक्की आहे. मीच गाढव.

दादा: यात नवीन काय सांगितलंस? शेकली कोणी?

वहिनी: अहो, मी.

दादा: मग झालं तर. चला हो, बसा सगळे!

वहिनी: ठेवू फोन?

दादा: थांब. उतार संपेपर्यंत ठेवू नकोस. बोलू नकोस काही. नुसती तिकडे अस.