कडेपासून बोटभर आत

नाही, ते नाही — टाइपरायटर न्या, मोडक्या खुर्च्या न्या, पंखाही न्या, पण ते पंचिंग मशीन आहे तिथंच राहू द्या, दादा. यादीत असेल. यादी साहेबांनी केलीय, ही रेकॉर्डरूम एकवीस वर्षं मी सांभाळतेय. उचलून बघा हवं तर — जड आहे ना? सगळं पोलाद. दांडा दाबला की एकदाच खट्, आणि वीस कागदांना एका रेषेत भोकं, कडेपासून बोटभर आत. भंगारात चांगला भाव येईल म्हणता? येईल की. म्हणून काय द्यायचं?

साहेब म्हणतात, बाई, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. असेल. गेल्या वर्षी एका फिटरची बायको आली, नवऱ्याच्या जागी नोकरी मागायला — कॉम्प्युटर म्हणाला, हा माणूस कायम नव्हताच. मी फाइल काढली, माझ्या आधीच्या हेडक्लार्कनी याच मशीननं भोकं पाडून बांधलेली, टॅगची दोरी सोडली, आणि नेमणुकीचा आदेश जागच्या जागी. ती त्याच स्टुलावर बसून रडली, तुम्ही बसलाय त्या — हो, लागली नोकरीला.

सगळ्यांचेच कागद सापडतात का? तुम्ही फार खोदून विचारता बुवा. नाही सापडत. एकीचा नाही सापडला. माळ्याची बायको, तीही तशीच नवऱ्याच्या जागी नोकरी मागायला आलेली. ती फाइल मीच बांधली होती — तेव्हा प्लास्टिकची नवी मशीनं आली होती, हलकी, गुलाबी, मला मेलीला हौस, आणि घरी जायची घाई. भोकं पडली अगदी कडेला. दिसलं होतं मला. दिसलं होतं, दादा, तरी टॅग ओवला. कागद कधी फाटला, कुठं गळला, देव जाणे. तीन महिने ती दर सोमवारी यायची, आणि दर सोमवारी मी कपाटं उपसायची, जसं काही मला ठाऊकच नाही. मग ती यायची थांबली. तिला सांगितलं नाही मी. कुणालाच नाही — आज तुमच्यापुढं कसं काय तोंडातून गेलं —

जाऊ दे. साहेबांना सांगा, बाई देत नाहीत. काय करतील, मेमो देतील? देऊ देत. त्यालाही याच मशीननं भोकं पाडून फाइलला लावीन, म्हणजे माझ्यामागं तरी कुणाला सापडेल. खुर्च्या उचला आता, आणि निघा. मला काम आहे.