गेनूनं मागितलेला पाय

—व्हय, व्हय, वाचला तुमचा अर्ज. पट्टेवाला असलो म्हनून काय झालं, फौजेत अक्षर शिकलोय म्या. खानीतल्या सुरुंगानं तुमच्या मालकाचा पाय गेला, लाकडी पाय मिळावा, झेपंल असं काम मिळावं — हेच न्हवं? पार वेल्ह्यावरनं हितं भोरापतोर चालत आलाय, टेका जरा ओट्यावर. पर खरं सांगू का, सगुणाबाई? आत नेऊन दिला तरी साहेब येकच इचारनार — मानूस फौजेतला हाय का? न्हाई ना? मग मिटलं. मला पाय मिळाला, हा पट्टा मिळाला, कशापायी? माझा पाय सरकारच्या लढाईत गेला म्हनून. खानीत गेलेल्या पायाला कुनी वाली न्हाई, बाई.

तुमी म्हनाल, रखमाजीचं काय जातंय बोलाया. आवो, माझ्याच घरातलं हाय हे! माझा धाकला भाऊ, गेनू. कामथडीपाशी सडकंची खडी काढताना सुरुंग उडाला — डावाच पाय, गुडघ्याखालनं, अगदी माझ्यावानी. नेला की त्याला पुण्याला, मला पाय बसवला तिथंच. दोन दिस व्हरांड्यात बसून काढलं. तिथला बाबू काय वाईट न्हवता, च्या पाजला त्यानं. म्हनला, "रखमाजी, हितं फकस्त फौजी." आलो माघारी.

मग कुनीतरी सांगितलं, पुण्यात येका गोदामावर रखवालदार पायजे. तिथला मुकादम म्हनला, चालून दाखव, ठेवतो. आदल्या सांजंला गेनू माझ्याम्होरं येऊन बसला. म्हनला, "दादा, येक दिस तुझा पाय दे. चिंध्या कोंबून बसवतो." — आता काय सांगावं? सरकारी जिन्नस त्यो, मोडला-बिडला तर? आन मला कचेरीत हजर ऱ्हायचं हुतं... न्हाई, हजर कसलं. रजा हुती माझी. दिसभर घरीच हुतो, पाय लावून, उंबऱ्यात बसून. न्हाई दिला, येवढंच खरं. येकदा दोन पायांनी चालला असता तर पुन्यांदा मागाय आला असता — असं आलं माझ्या मनात. सख्खा भाऊ, आन असं आलं.

त्यो गेला कुबडीवर. मुकादमानं लांबनंच हात हालवला, नगं म्हनून.

आता शिवऱ्याला सडकंच्या कडंला बसून खडी फोडतो. सा वरसं झाली. यष्टीनं पुण्याला जाताना दिसतो मला. हातोडा थांबवत न्हाई, वर बघत न्हाई. येकदा हाक मारली म्या खिडकीतनं. लोकं बघाय लागली, त्यानं न्हाई बघितलं.

काय म्हनता? तिथं तुमच्या मालकाला घेतील का? — मला काय ठावं! गेनूलाच इचारा. ठेकेदाराशी बोलंल त्यो, हातोडा कसा धरायचा त्येबी दावंल. लई मायाळू हाय. पर म्या धाडलं म्हनून सांगू नगा. भोरात कुनीतरी सांगितलं, म्हना... न्हाई तर भोरचं नावच नगा काढू.

उठा आता. अर्ज न्या तुमचा.