सॅकला बांधलेली बायको

...नाही, पण मला एक सांगा, खडकाला रंग द्यायला कुणाचं काय जातं? सगळा नको हो, नुसता हातापायांपुरता! पिवळा! तुम्हाला सांगतो, आम्ही नवरा-बायको वर्षभर त्या हॉलमधल्या भिंतीवर चढतोय, डॉक्टर म्हणाले पन्नाशी आली, काहीतरी करा, तर बायकोनं हे काढलं. पण तिथं कसं, सगळं शहाण्यासारखं! भिंतीवर रंगीत पकडी ठोकलेल्या, पिवळ्यामागनं पिवळी धरत जायचं की आलं छत. खाली गादी. कोपऱ्यात गार पाणी. संडासाला कडी. आणि इथं? हा एवढा थोरला करडा कडा, खालपासून वरपर्यंत करडा, आणि त्याच्या पायथ्याशी मी. आत असं नसतं हो!

आता हा कडा हवा होता कुणाला? बायकोला. त्याचा फोटो महिनाभर आमच्या फ्रिजवर. दूध काढताना बघायची, दूध ठेवताना बघायची. माझ्याकडे लग्नातसुद्धा इतकं बघितलं नव्हतं! म्हणायची, "एकदा त्याच्या माथ्याला हात लावला की झालं." शिकवणाऱ्या बाईंनी बजावलेलं, दोर दुपारपर्यंतच तुमचा, मग दुसरी तुकडी. म्हटलं, अगं, आधी मी जातो, वाट बघून ठेवतो, तुला सोपं जाईल. नवऱ्याचं काही कर्तव्य असतं की नाही?

आणि तयारीत मी कमी पडत नाही, बरं का. सॅक मी स्वतः भरली. पाणी, थर्मास, घडीची खुर्ची, छत्री, प्रथमोपचाराची पेटी, तिचं झाकण नीट लागत नाही म्हणून दुसरी प्रथमोपचाराची पेटी, उकडलेली अंडी... बायको म्हणाली, "अहो, आपण चढायला चाललोय की राहायला?"

बरं, दोराचं असं असतं. माझ्या कमरेपासून निघतो, वर माथ्यावरच्या कडीतून जातो आणि खाली येतो तो बायकोच्या कमरेला. मी चढलो की ती दोर ओढून घेणार, मी सुटलो की ती धरणार. आता ती चिमणी, आणि मी... मी चिमणी नाही. म्हणून हॉलमध्ये तिला वाळूच्या पोत्याला बांधतात, म्हणजे माझ्या वजनानं ती वर जायला नको. इथं पोतं कुठलं? बाई म्हणाल्या, "काका, काकूंना त्या झाडाला बांधा." बाईंचा आवाज म्हणजे स्टेशनवरच्या घोषणेसारखा, ना राग ना लोभ. आणि गेल्या पलीकडच्यांचे दोर बघायला.

मी झाड बघितलं. झाडाला मुंग्या. मग सॅक बघितली. सॅक दोन्ही हातांनी उचलत नव्हती! म्हटलं, परकं झाड कशाला, ही आपली घरची, भरवशाची... बांधली बायको सॅकला!

"अहो, त्या झाडाला म्हणाल्या ना?"

"अगं, ही हलणार आहे का?"

बाईंनी लांबून विचारलं, "बांधलं का?" मी म्हटलं, "बांधलं!" खोटं बोललो का मी? सांगा ना!

निघालो. निम्मा कडा कसाबसा गेला, आणि पुढं... काहीच नाही! खालून ही ओरडतेय, "अहो, डावीकडे खाच आहे!"

"कुठली?"

"ती करडी!"

"अगं, सगळंच करडं आहे!"

आत असं नसतं हो! तेवढ्यात दुसरी तुकडी आली, खाली पसरून बसली आणि लागली सल्ले द्यायला. "काका, पायावर विश्वास ठेवा!" म्हटलं, कुठल्या? एक थरथरतोय, एकाला मुंग्या आल्यात! बायको म्हणतेय, "अहो, माझा नंबर कधी?" मी आपला, "आलोच, आलोच..." आणि एवढ्यात दिसलं. पिवळं! उजव्या हाताला, अगदी वितीवर. देवासारखं! जीव टाकून झेप घेतली...

फुलपाखरू होतं.

ते उडालं, मी सुटलो. मी खाली चाललोय, आणि समोरून कोण येतंय? बायको! तिच्याखाली सॅक! सॅकमधून खुर्ची, खुर्चीमागनं अंडी! आणि मध्येच कुठंतरी दोघं समोरासमोर, नाकाला नाक. लिफ्टमध्ये शेजारी भेटावेत तसे.

"हलणार नव्हती ना?"

तिनं दोर मात्र सोडला नव्हता हो. बोटं पांढरीफटक पडलेली, पण सोडला नव्हता. आणि बघत कुठं होती? माझ्याकडे? छे! माझ्या कानामागं!

"इथं चांगली खाच आहे. तिच्यावर पाय, मग वरच्या चिरेत हात..."

"अगं, आपण लटकतोय!"

"लटकतोय तर बघून घेते. वेळ माझीच चाललीय ना?"

खालून बाईंचा आवाज. "काका, झाड कुठंय?"

"आहे तिथंच आहे, बाई."

मग दुसऱ्या तुकडीतल्या तिघांनी सॅकचा पट्टा धरून हिला पतंगासारखं खाली ओढलं, आणि त्याबरोबर मी पुन्हा वर! वर्षभरात इतक्या सुखानं कधी चढलो नव्हतो. हिला झाडाला बांधलं, मला उतरवलं. वेळ संपलेली. ही खाली वाकून अंडी गोळा करत होती. ते बघून मला कसंतरीच झालं. त्या तुकडीतल्या एक आजी बाईंना म्हणाल्या, "आधी तिला जाऊ द्या हो वर. असा खेळ तिकीट काढूनसुद्धा बघायला मिळत नाही."

आता खालून दोर धरायला मी. म्हटलं, बाई, मला झाडाला? बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काका, तुम्हाला नाही लागत."

आणि ही गेली हो! खाच, चीर, माझ्या कानामागची ती जागा... न थांबता, न विचारता! माथ्यावर हात ठेवला, मागं वळून सगळीकडे बघितलं, आणि तिथून ओरडली, "अहो! आत असं नसतं होऽऽ!"

आता दर रविवारी जातो. सॅक घरी असते. लोक विचारतात, काय, कडे चढता म्हणे? म्हणतो, हो, चढतो. म्हणजे ती चढते. आणि पोचल्या पोचल्या बाईंना लांबूनच ओरडून सांगते, "आज झाड नको हो, पोतं घेऊन आलेय!"