आरामाचा कागद

डॉक्टर : महिनाभर रोज केलं म्हणता, मग दुखणं जरासुद्धा कमी कसं नाही?

शेषराव : नाही कसं? लय फरक हाय, डॉक्टरसाहेब. मान मोकळी झाली, झोप गाढ लागते, सकाळी अंग हलकं वाटते.

डॉक्टर : मी तुमच्या मंडळींना विचारतोय. बोला, पंचफुलाबाई.

पंचफुला : मले काही फरक नाही. खांदे ठनकते, हात वर होत नाही. सकाळी उठतानाच जीव थकेल असते.

डॉक्टर : दोन वर्षांचं दुखणं, औषधांनी हटेना, म्हणून तर हा उपाय दिला. सतरंजीवर पडायचं, डोळे मिटायचे, एकेक अवयव सैल सोडायचा. कागदावर सगळं लिहून दिलं होतं.

शेषराव : कागदापरमानंच केलं. त्याच्यावर लिवलं होतं, घरातल्या एकानं सावकाश वाचाचं आन दुसऱ्यानं पडाचं.

डॉक्टर : बरोबर. मग वाचलं कोणी?

शेषराव : इनं. बुद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या साली प्रौढ वर्गात वाचाले शिकली ना ही. मले कुठं वाचता येते?

डॉक्टर : म्हणजे पडत कोण होतं?

पंचफुला : हे.

डॉक्टर : रोज?

पंचफुला : रोज, दोन टाइम. मी चुलीपाशी बसून वाचत होती. भाकर करपली तं हे म्हनत, थांबू नोको, आता कुठं कमरेपर्यंत आलो.

डॉक्टर : अहो शेषराव, दुखतंय कोणाचं?

शेषराव : इचंच. म्हनून तं वलगावाहून अमरावतीले आनलं. घरचं मानूस कन्हत राहिलं तं मले चैन पडते का?

डॉक्टर : बाई, तुम्ही तरी बोलायचं.

पंचफुला : राग लय येत होता. पन ह्याईले आराम पडून राहिला, तं मोडता कावून घालू? म्हटलं, माही पाळी येईन कधी तरी.

डॉक्टर : आता तुमचीच पाळी. शेषराव, महिनाभर ऐकून पाठ झालं असेल?

शेषराव : तोंडपाठ हाय.

डॉक्टर : मग आजपासून तुम्ही म्हणायचं आणि त्या पडतील. इथंच करून दाखवा. बाई, त्या टेबलावर पडा.

शेषराव : हं. डोये मिट. श्वास हळू सोड. पाय सैल सोड... मांड्या सैल... आता... कंबर...

(शेषराव स्टुलावर बसल्या बसल्या घोरू लागतात.)

डॉक्टर : कमाल आहे. तुम्ही उठू नका, बाई. पुढचं मी वाचतो.

पंचफुला : नोको, डॉक्टरसाहेब. कोनी काही वाचू नोका. तेवढं दार लोटून घ्या.