एका डोळ्याचे पैसे

डोळ्यांत थेंब घालून मावशींना अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. त्यामुळे शेजारच्या बाकावरचे सासरे-जावई त्यांना दिसले नाहीत, नुसते ऐकू आले.

"जावईबापू, दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे दिले होते तुमच्याकडे."

"एका डोळ्याचे आहेत, बाबा. दुसऱ्याचे ऑप्शनमध्ये घातले."

"वीज कंपनीचे शेअर घेतो म्हणाला होतात ना?"

"शेअर नाही, ठरल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क घेतला. उन्हाळा कडक पडणार, वीज जास्त खपणार, शेअर वाढणार, असा माझा अभ्यास होता."

"मग, नाही वाढला?"

"वाढला की. अभ्यास अगदी बरोबर निघाला."

"मग पैसे कुठायत?"

"गेले. ठरला भाव एकशेदहा होता. शंभराचा शेअर त्याच्या वर जायला हवा होता, तो एकशेचारवर अडला. आणि गुरुवारी हक्काची मुदत संपली."

"म्हणजे शेअर वाढला, तुमचा अभ्यास बरोबर आला, आणि डोळा तेवढा माझा गेला."

"यात तोटा मर्यादित असतो, बाबा. घातले तेवढेच जातात."

"मर्यादित म्हणजे एका डोळ्यापुरता."

"पुढच्या महिन्यात बघा तुम्ही..."

"कशानं बघू?"

तेवढ्यात नर्सबाईंचा आवाज आला. "आजोबा, एकाच डोळ्याचे पैसे भरलेत. कुठला करायचा?"

"हे आमचे जावई बसलेत ना, त्या बाजूचा राहू द्या, बाई. दुसरा करा."