दत्तूने आणलेला भोपळा

माझी आठवण किती खरी, याची मलाच शंका आहे. साधारण पन्नास-बावन्न सालची गोष्ट असावी. थेरगावच्या शेतकऱ्याचा मुलगा दत्तू आणि मी सायकलींवर चाकण, शिक्रापूर करत, वाटेत एक मुक्काम टाकून निघोजच्या कुंडांत पोहायला गेलो होतो. मी एम.ए. होऊन शाळेत मास्तर झालेलो, पण पाठीला सुका भोपळा बांधल्याशिवाय पाण्यात उतरत नसे. भोपळा दत्तूने घरून आणला होता.

कातळातले ते हिरवे पाणी पाहून मी काठावरच थांबलो. म्हणालो, "फार खोल दिसतंय रे."

"भोपळा हाय न्हवं पाठीला?" म्हणत त्याने मला ढकलले आणि मागोमाग स्वतःही उडी टाकली.

निम्मे पाणी कापले आणि पाठीमागे बुडबुड सुरू झाली.

"दत्तू, भोपळ्यात पाणी शिरतंय."

"मंग हात मारा की मास्तर. माझ्याकडं काय बगताय?" तो शेजारीच पोहत होता.

मी हात मारले. पलीकडच्या खडकावर चढलो तेव्हा भोपळा घागरीसारखा भरलेला होता आणि मी वेड्यासारखा हसत होतो. मग तो सोडून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तसाच पोहलो.

पुढे कितीतरी वर्षांनी दत्तूच्या बहिणीला विचारले, तो भोपळा वाटेत तडकला होता का?

"न्हाई वो. बियाणं ठेवायचा भोपळा त्यो, भोक असतंयच त्याला. मी म्हणलं मेणानं बुजव. तर म्हणाला, माती बास झाली, न्हाईतर मास्तर जन्मात पवायचा न्हाई."